बर्फातलं शून्य

“रोजा सुटायची येल झाली की वॅट रामभरोसे.”

“रामभरोसे नाही हो, अल्लाभरोसे म्हणा.”

मग दोघांचं हसणं.

बोलणारे म्हात्रेकाका, म्हणजे आमचे सुपरवायझर, आणि स्टोअरकीपर. दोघं लॅबच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे उभे होते. मी अलीकडे काचेची भांडी विसळत होते. मी आत आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही कळलेलं नाही. मी इतकी कमी बोलते की मी खोलीत आहे हे लोक विसरून जातात. नोकरीत याचा मला फार उपयोग झाला, आणि त्रासही तेवढाच.

तासाभरापूर्वी शेडमधली एक बॅच फसफसून बाहेर आली होती. विटकरी फेस जमिनीवर पसरत पार दरवाजापर्यंत गेला होता. ती बॅच रशीदभाईंची. रशीदभाई अकरा वर्षं रंगाच्या एकाच टाकीवर, वॅटवर, उभे राहिलेले ऑपरेटर. शेड धुऊन झाल्यावर त्यांना गेटजवळच्या बाकावर नेऊन बसवलं होतं आणि सांगितलं होतं, उद्या अकराला सेठ येतील, तोवर आत पाऊल टाकायचं नाही. सेठ आले की काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘उद्यापासून येऊ नको’, एवढंच.

महिना रमजानचा होता. मुंबईतल्या दंगलींना वर्ष झालं होतं. कारखान्यात मुसलमान आम्ही दोघंच, वॅटवर रशीदभाई आणि लॅबमध्ये मी.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादकबाई म्हणाल्या होत्या, “तुमच्या लॅबविषयी लिहा. रंग कसे बनतात, गमतीजमती. धर्माचं नको, दिवाळीचे दिवस आहेत.” मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे मला वेगळं काढता येत नाही. धर्म मी लॅबमध्ये आणला नव्हता. मी रुजू झाले तेव्हा तो तिथे आधीच खुर्ची टाकून बसला होता. तेव्हा संपादकबाई, क्षमा असावी.

आधी काम काय ते सांगते. अंबरनाथमध्ये रसायनांचे कारखाने पुष्कळ, त्यातला आमचा छोटा. आम्ही कापडाचे रंग बनवायचो, आजही बनवतो. रंग दोन पायऱ्यांत होतो. पहिल्या पायरीत जे द्रावण तयार होतं ते फार नाजूक असतं. थंड असेपर्यंत गप्प बसतं. जरा ऊब लागली की त्यातून वायू सुटतो, फेस चढतो आणि बॅच संपली. म्हणून ते वॅटमध्ये, म्हणजे पुरुषभर उंचीच्या टाकीत, बर्फ टाकून पाच अंशांच्या खाली ठेवावं लागतं. बर्फ फार टाकला तर पाणी वाढून पुढचा रंग बिघडतो. त्यामुळे ऑपरेटरने एका हातात थर्मामीटर आणि शेजारी फोडलेला बर्फ घेऊन तीन-चार तास उभं राहायचं. दर दहा मिनिटांनी तापमान बॅचकार्डावर लिहायचं. दर अर्ध्या तासाने कागदाची एक पट्टी द्रावणात बुडवायची. ती निळी होते. मग ती वाळवून, वेळ लिहून कार्डावर चिकटवायची. आकडे कोणीही बसल्या जागी लिहू शकतो. पट्टी मात्र वॅटपाशी गेल्याशिवाय निळी होत नाही.

आणि लॅबचं काम म्हणजे संशय घेणं. बाहेरून आलेला प्रत्येक ड्रम, प्रत्येक गोणी, प्रत्येक काच तपासायची आणि मगच शेडमध्ये सोडायची. माझ्यासारख्या मुलीला हे काम मानवलं. ड्रमशी बोलावं लागत नाही.

आमचं आडनाव खोत. कोकणी मुसलमानांत हे आडनाव आहे, हिंदूंतही आहे. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो. घरात बोली मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. हजेरीपटावर माझं नाव होतं ‘एन. खोत’. पहिले काही दिवस कोणाला काही कळलंच नाही. श्रावण होता. पॅकिंगमधल्या बायकांनी विचारलं, “सोमवार धरतेस का गं?” मी म्हटलं, नाही. त्यांनी मला आधुनिक समजून सोडून दिलं. त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर मी माझ्या लोकांविषयी जे ऐकलं ते पुन्हा कधी इतकं मोकळेपणी कानावर आलं नाही. मग एका फॉर्मवर पूर्ण नाव लिहावं लागलं. नसीम. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन टेबलाशी गेले तर बोलणं मध्येच तुटलं. नंतर सगळे माझ्याशी फार गोड वागले, ते जास्त लागलं.

आणि मग प्रश्न सुरू झाले. जणू या टेबलावर मी साऱ्या दुनियेच्या मुसलमानांची वकील म्हणून नेमली गेले होते. तुमच्यात असं का, तुमच्यात तसं का. मी महिनाभर गप्प होते. शेवटी एकदा स्टोअरकीपरने विचारलं, “तुमच्या धर्माला सायन्स चालतं का हो, मॅडम?” माझ्या पर्समध्ये चुलतभावाने दिलेलं एक गुळगुळीत पत्रक होतं. त्यातलं मी धडाधडा बोलून टाकलं, की चंद्रावर माणूस उतरला तेव्हा त्याला तिथे अजान ऐकू आली होती.

आमचे लॅब-इनचार्ज सोनवणे सर समोर जेवत होते. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

“मिस खोत, चंद्रावर हवा आहे का?”

“नाही, सर.”

“मग आवाज कशातून गेला?”

मी बी.एस्सी. होते. पहिल्या वर्गात पास झालेली. टेबल हसलं, म्हात्रेकाकांना तर ठसका लागला. सर हसले नाहीत. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “बाहेरून आलेला ड्रम तपासल्याशिवाय शेडमध्ये सोडता का?”

“नाही.”

“मग हे कसं सोडलंत?” मग स्वतःच म्हणाले, “माझ्या वडिलांनी छप्पन साली देव्हारा रिकामा केला. पटलं म्हणून केला. तेव्हापासून आमच्या घरात ऐकीव गोष्ट खपत नाही. तुमची काय आणि आमची काय.”

घरी अब्बांना सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, “नसीम, ज्याने आपली किताब मानलेली नाही त्याच्यासमोर किताब आपटून काय होणार? त्याच्या डोळ्यांना दिसेल असं दाखव. दाखवण्यासारखं नसेल तर सांग की हा माझा विश्वास आहे, पुरावा नाही. त्यात लाज कसली?”

तेव्हापासून मी माझ्या डोक्यात तीन फळ्या केल्या, रसायनांच्या असतात तशा. एकीवर मी स्वतः पाहिलेलं. दुसरीवर कागदावर दाखवता येईल असं. तिसरीवर ऐकलेलं. तिसऱ्या फळीला कुलूप.

हे जमायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि तिचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही. पुरावा फक्त माझ्याकडे मागितला जात होता. समोरच्यांचं ‘असं म्हणतात’ एवढ्यावर भागत होतं. म्हणून मी एक प्रश्न शिकून घेतला. “तुम्ही पाहिलंत?” आवाज न चढवता, डब्यातून मान वर न करता. स्टोअरकीपर एकदा म्हणाला, “तुमच्यात पोरींना शिकवत नाहीत.” तेव्हा मी त्याच्याच मालाच्या तपासणीवर सही करत होते. “तुम्ही पाहिलंत?” म्हटलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

अर्थात पुरावा दर वेळी आपल्या बाजूनेच बोलतो असं नाही. एकदा तीन तलाकवरून बोलणं निघालं. मी म्हटलं, “मला ते पटत नाही. माझ्या मावशीचं झालंय. मी पाहिलंय.” दारात रशीदभाई कार्ड घेऊन उभे होते. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, “घर की बात थी, मॅडम. इन लोगों के सामने क्यों?” मी म्हटलं, “त्यांनी विचारलं म्हणून. आणि खरं होतं म्हणून.” त्यांना ते आवडलं नाही. पण तेव्हापासून ते मला सलाम करायला लागले.

तर त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं ते हसणं ऐकून मी भांडी तशीच ठेवली आणि गेटवर गेले. रशीदभाई बाकावर बसले होते. हाताला रंग, पँटवर फेसाचे डाग, ओठ कोरडे. रोजा अजून सुटायचा होता.

“मैं हटाच नहीं वहां से, मॅडम,” ते म्हणाले. “उद्या सेठला सांगतो ना. रोजे में झूठ बोलूंगा मैं?”

“हे सेठसमोर म्हणू नका, रशीदभाई.”

“क्यों?”

“माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. त्यांच्यासाठी नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “मतलब, मेरा ईमान हलका पड़ गया?”

“हलकं नाही. त्यांच्या काट्यावर ते चढत नाही. मला असं काहीतरी द्या जे चढेल.”

त्यांनी रंगाचे हात पँटला पुसले. मग हळूच म्हणाले, “एक बात थी. बरतन हात को रोज जैसा ठंडा नहीं लग रहा था. पण कांच चार बोल रही थी. मैंने कांच पे भरोसा किया.”

मी शेडमध्ये जाऊन त्यांचं कार्ड आणि ती काच, म्हणजे थर्मामीटर, घेतला. कार्डावर दर दहा मिनिटांचा आकडा होता, चार, चार, तीन, चार. दर अर्ध्या तासाची पट्टी होती, शेवटची पाच दहाची. बॅच गेली पाच वीसला. म्हणजे माणूस वॅटपाशीच होता, काच चार दाखवत होती, तरी बॅच गेली. रसायन खोटं बोलत नाही. माणूसही खोटं बोलत नव्हता. मग उरली काच.

थर्मामीटर तपासायची रीत पोरखेळ वाटावी इतकी सोपी आहे. पेल्यात बर्फाचा चुरा घ्यायचा, थोडं पाणी घालायचं, थर्मामीटर बुडवायचा. वितळत्या बर्फात पारा शून्यावर यायला हवा. मी बुडवला. पारा शून्य ओलांडून खाली गेला आणि उणे सहावर थांबला. स्वस्तातल्या थर्मामीटरमध्ये आकड्यांची कागदी पट्टी काचेच्या नळीत बसवलेली असते. ती प्रवासात घसरली होती. रशीदभाई चार वाचत होते तेव्हा वॅटमध्ये दहा अंश होते.

मला आनंद व्हायला हवा होता. पण काचेच्या वरच्या टोकाला रंगाने नंबर घातला होता, सतरा. मी लॅबचं रजिस्टर उघडलं. नंबर सतरा, शेडमध्ये दिला, तारीख, माझं अक्षर. शेजारचा रकाना ‘बर्फात तपासला’. तो कोरा होता.

मग सगळं आठवलं. रमजान सुरू व्हायच्या चार दिवस आधीची दुपार. आम्ही जेवून आलो होतो. म्हात्रेकाका लॅबच्या खिडकीशी आले. “बाय, एक थर्मामीटर दे गं जादाचा. जुना कवा फुटंल सांगता येत नाय.” मी डबीतून नवा काढला, रजिस्टरात लिहिलं, बर्फ आणायला वळले, तोच ते म्हणाले, “बाय, मना एक खरा सांग. तुमच्यात चार-चार करतात ना? मग तुज्या बापानं कती केल्या?”

ते वाईट मनाने विचारत नव्हते. ते सगळ्यांनाच असं विचारतात. पण खिडकीमागे स्टोअरकीपर उभा होता आणि दात काढत होता. माझे कान तापले. तीन फळ्या, ‘तुम्ही पाहिलंत?’, सगळं कुठल्या कुठे गेलं. माणूस खिडकीवरून जावा एवढंच मला हवं होतं. मी थर्मामीटर त्यांच्या हातात दिला आणि खिडकी लावून घेतली. बर्फ राहिला. म्हात्रेकाकांनी थर्मामीटर खणात ठेवला. बॅच गेली त्या सकाळी जुना फुटला आणि हा बाहेर निघाला.

एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, म्हणून.

रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं. लॅबमध्ये कोणी नव्हतं. कोऱ्या रकान्यात ‘ओके’ एवढी दोन अक्षरं आणि माझी आद्याक्षरं घातली असती तर काच शेडमध्ये गेल्यावर बिघडली असं ठरलं असतं. रशीदभाईही सुटले असते आणि मीही. मी लिहिलं नाही. पण पेनाचं टोपण मी काढलं होतं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी अकराला सेठच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. सेठ टेबलामागे. म्हात्रेकाका आणि सोनवणे सर खुर्च्यांवर. रशीदभाई दाराशी उभे. मी हातात कार्डांचा गठ्ठा, रजिस्टर, बर्फाचा थर्मास आणि स्टीलचा पेला घेऊन. सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पिकनिकला निघालात का?”

सेठ उल्हासनगरच्या कॅम्प चारचे. फाळणीनंतर बराकीत वाढलेले, साठीचे, मोजकं बोलणारे. “बोलो,” ते म्हणाले.

म्हात्रेकाकांनी सुरुवात केली. “सेठ, यो माणूस वाईट नाय. पण रमजानात यांचा जीव कामात नसतो. रोजा सोडाया गेला असंल. नायतर नमाजाला. पाचाला अजान झाली, पाच वीसला बॅच गेली. येल जुळते.”

मी रमजानच्या वेळापत्रकाचं कार्ड टेबलावर ठेवलं. मशिदीत वाटतात ते, एका लाकडाच्या वखारवाल्याने छापलेलं, उर्दूत. मी ते वाचून मराठीत सांगायची तयारी करून आले होते. सेठनी चष्मा लावला, कार्ड हातभर लांब धरलं आणि उजवीकडून डावीकडे स्वतःच वाचायला लागले.

“असर, पांच बजे. मगरिब, छह उनतालीस.” त्यांनी वर पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. “क्या देखते हो? सिंध में मेरी पहली किताब इसी लिपी में थी. पड़ोस में रोजेदार थे. शाम को वो गली से गुजरते तो मेरी मां चूल्हे पे ढक्कन रख देती थी.” कार्ड त्यांनी खाली ठेवलं. “फिर उसी गली से हमको निकलना पड़ा. खैर. कार्ड पढ़ने से बॅच वापस नहीं आती, बेटा. आगे बोलो.”

मी बोलले. माझा आवाज बारीक येत होता, पण येत होता.

“रोजा सुटला मगरिबला, सहा एकोणचाळीसला. बॅच गेली पाच वीसला. तेव्हा रोजा सोडायला जाण्याचा प्रश्नच येत नाही.”

“मग नमाज?” म्हात्रेकाका म्हणाले.

“अजान झाली की त्याच क्षणी उठलं पाहिजे असं नाही, काका. असरची नमाज पाचपासून सूर्य मावळेपर्यंत कधीही पढता येते. हातातलं काम टाकून पळायला आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. रशीदभाईंनी सहानंतर पढली, शेड धुऊन झाल्यावर. नमाजाआधी हातपाय धुवायला पाण्याचा पाइप तुम्हीच धरला होता.”

म्हात्रेकाकांनी डोकं खाजवलं. “धरलता खरा.”

मी बॅचकार्ड पुढे केलं. पट्ट्या दाखवल्या. सेठनी एकेक पट्टी बोट लावून पाहिली.

तेव्हा सोनवणे सर म्हणाले, “मिस खोत, एक विचारतो. दिवसभर पाणीसुद्धा नाही. माणसाचं लक्ष कमी होत नाही?”

हा प्रश्न ते विचारणार हे मला माहीत होतं. विचारला नसता तर मला वाईट वाटलं असतं.

“होतं, सर. दुपारी मलाही मरगळ येते. आजारी असेल त्याला रोजा न धरायची मुभा आहे ती उगाच नाही. पण लक्ष गेलं असतं तर पट्टी चुकली असती, आकडा चुकला असता. इथे एकही चुकलेला नाही.” मी गठ्ठा उघडला. “ही त्यांची मागच्या तीन रमजानांची कार्डं. एकही बॅच गेलेली नाही. यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण बाकीच्या महिन्यांतही त्यांची क्वचितच जाते. पण रोज्यामुळे बॅच जाते असं म्हणणाऱ्याने निदान एक तरी दाखवावी.”

सरांनी मान डोलावली. नापास होता होता वाचलेल्या विद्यार्थ्यासारखं मला वाटलं.

“तो बॅच गई क्यों?” सेठ म्हणाले.

मी थर्मासमधला बर्फ पेल्यात ओतला, थोडं पाणी घातलं, नंबर सतरा बुडवला आणि पेला टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळे वाकले. रशीदभाईही दारापासून दोन पावलं पुढे आले. पारा उतरत गेला. शून्य आलं, गेलं.

“आयला,” म्हात्रेकाका म्हणाले. “यो तर पार पाताळात चालला.”

“उणे सहा,” सर म्हणाले.

रशीदभाईंनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. ते काय म्हणाले हे मला ठाऊक होतं, पण ते पुराव्यात धरत नाहीत.

सेठ मागे रेलले. “माल ही खराब भेजा. सप्लायर को चिट्ठी लिखो. रशीद, जा, काम पे लग.”

म्हात्रेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. नंबर सतरा कोणी दिला आणि तो बर्फात गेला नव्हता, हे त्या खोलीत मला आणि त्यांना, दोघांनाच माहीत होतं. त्यांनी नजर खाली घातली. मला वाचवत होते ते. त्या माणसाविषयी माझं मत त्या दिवसापासून कायमचं गुंतागुंतीचं झालं आहे.

मी रजिस्टर छातीशी धरून उभी होते. आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. काम झालं होतं.

तेवढ्यात म्हात्रेकाका म्हणाले, “सेठ, या बारीला सुटला. पण मी काय बोलतो, रमजानात त्याला वॅटवर नको. महिनाभर पॅकिंगला ठेवू. सांभाळलेला बरा.”

“हां,” सेठ म्हणाले. “वो ठीक है. सेफ्टी के लिए.”

रशीदभाईंची मान खाली गेली. अकरा वर्षं वॅटवर उभ्या राहिलेल्या माणसाला दर वर्षी एक महिना डबे चिकटवायला बसवणार, आणि तेही निर्दोष ठरल्यावर. पुरावा टेबलावर होता, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पेल्यातला बर्फ अजून वितळायचा होता. आणि निकाल होता तोच राहिला, जरा मऊ करून.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, कारण शेवट मला माझ्या वाक्यावर करायचा आहे. माझ्या फाइलला लेखी ताकीद लागली, ती अजून आहे. रशीदभाई निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रमजान त्याच वॅटवर उभे राहिले. सोनवणे सर गेल्यावर लॅब माझ्याकडे आली. म्हात्रेकाकांनी त्यांचा तो प्रश्न मला पुन्हा एकदा विचारला. तेव्हा मी म्हटलं, “माझ्या ओळखीच्या सगळ्या घरांत मिळून दोन बायकांचा एकच माणूस आहे, काका, आणि तो कोणालाच आवडत नाही.” त्यावर ते विचार करून म्हणाले, “आमच्या गावात तीन हायत.” नवा थर्मामीटर मात्र तेव्हापासून माझ्या लॅबमधून बर्फात बुडल्याशिवाय बाहेर गेलेला नाही, खिडकीवर कोणी काहीही विचारो.

तर केबिनमध्ये. मी रजिस्टर उघडलं, नंबर सतराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सेठच्या पुढे सरकवलं. माझाही रोजा होता, पाणी संध्याकाळपर्यंत नव्हतं. पण आवाज आला, आणि बारीक नव्हता.

“सेठ, हा थर्मामीटर बर्फात तपासून द्यायचं काम माझं होतं. मी तपासला नाही. हा रकाना कोरा आहे, बघा. चूक रशीदभाईंची नाही, सप्लायरचीही पुरती नाही, माझी आहे. आणि वरची तारीख वाचा. रमजान सुरू व्हायला चार दिवस होते. ज्याने रोजा धरला होता त्याने एक पट्टी चुकवली नाही. चुकले ती मी, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले होते.”